लग्नाची मोहरकी

आमच्या वळू घोड्याला आम्ही जावई म्हणतो. बाहेरच्यांना ऐकून हसू येतं, त्याचं करणाऱ्यांना येत नाही. वर्षातला बराचसा काळ तो बसून खातो, म्हणजे उभ्यानेच, पण बसून खातो. मनाविरुद्ध काही झालं की भिंतीकडे तोंड करून राहतो, आणि त्याला उलटून बोलायची घरात कुणाची टाप नाही. आत्या तर त्याच्या दारावरून जाताना आवाजसुद्धा खाली आणते. माणसांसाठी तिने तो कधी खाली आणलेला नाही.

त्या सकाळी या जावयाचा निकाल लागायचा होता. दिवस संपेपर्यंत तो एक तर वळू राहणार होता, नाहीतर खच्ची होणार होता.

गेल्या हंगामात परगावचा एक माणूस त्याची घोडी भरवायला आमच्याकडे घेऊन आला होता. ऐन वेळी जावयाने त्या माणसाचा खांदा दातात धरला आणि हाड मोडेपर्यंत सोडला नाही. माणूस वाचला, पण त्याने तक्रार केली, आणि ती करण्याचा त्याला पुरेपूर हक्क होता. आमच्या घोड्यांची जात जपणारं जे मंडळ आहे त्याचा नियमच आहे, की माणसावर जाणारा वळू ठेवायचा नाही. नियम चांगलाच आहे. फक्त या रक्ताचा वळू आता जगात हा एकच उरला होता. त्याचा भाऊ पोटदुखीने गेला आणि त्याला स्वतःला आजवर झाल्या त्या सगळ्या मुलीच. घोड्या आमच्याकडे भरपूर आहेत. पण जावई कापला, म्हणजे खच्ची केला गेला असता, तर आजोबांच्या आजोबांपासून पागेत चालत आलेलं सगळं आमच्या डोळ्यांदेखत संपलं असतं.

बरं, मंडळ दुरून निर्णय द्यायला तयार नव्हतं, हे आमचं नशीब. त्यांनी बाबांना फोन केला. बाबांनी तो फोन उभं राहून घेतला आणि म्हणाले, "या आणि माझ्या अंगणात बघा. साध्या मोहरकीत तो माजावरच्या घोडीसमोरून मान खाली घालून गेला नाही, तर तिथल्या तिथे कापा. मी स्वतः त्याला धरून उभा राहीन." फोन ठेवल्यावर मी विचारलं, एवढं बोलायला कुणी सांगितलं होतं? तर म्हणे, "माझा घोडा मला माहीत आहे." माझे वडील आयुष्यात कधी चुकलेले नाहीत. निदान त्यांच्या तोंडून तरी तसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता मोहरक्यांचं सांगायला हवं. घोड्याच्या तोंडावर बांधतात ते चामडी पट्ट्यांचा साज म्हणजे मोहरकी. आमच्या वळूला अशा दोन असतात. एक साधी. ती रोजची. फिरायला, खरारा करायला, नाल मारायला. ती तोंडावर असली, की शेजारी साक्षात अप्सरा आणून बांधली तरी त्याने बघायचं नाही, हे त्याला शिंगरू असल्यापासून शिकवलेलं असतं. दुसरी लग्नाची. तिला पितळी कड्या आहेत आणि ती फक्त घोडी भरवतानाच चढते. या मोहरकीचं चामडं आम्ही कधी धूत नाही, पुसत नाही, त्याला तेल लावत नाही. हंगामामागून हंगाम माजावरच्या घोड्यांचा वास त्यात मुरत जातो, आणि नाकावरचा तो पट्टा जवळ आला की वळू समजतो, आता आपलं काम आहे. कोणती मोहरकी कोणती, हे तो डोळ्यांनी नाही, वासाने ओळखतो. म्हणून लग्नाची मोहरकी झाकणाच्या लाकडी पेटीत वेगळी राहते. साध्या मोहरकीच्या खुंटीजवळसुद्धा तिला कुणी नेत नाही. इतकी साधी ही विद्या, आणि एवढ्या साध्या विद्येवर आमच्या घरातल्या पिढ्यांनी आपली हाडं शाबूत ठेवली.

आदल्या दिवशी दुपारी बाबा ओट्यावर सगळं चामडं पुढ्यात घेऊन बसले होते. मंडळाकडून एक कॅमेरावालाही येणार होता. ही पद्धत जिवंत वारसा आहे म्हणे, तिचं चित्रण करून ठेवायचं होतं. वारशाचं चित्रण करणारा आणि तो कापणारी, दोघं एकाच गाडीतून येणार, यावर मी दोन शब्द बोलले ते इथे लिहीत नाही. बाबांनी लग्नाच्या मोहरकीच्या पितळी कड्या चिंचेने घासून लखलखीत केल्या होत्या.

"चामड्याला हात लावू नका हं," मी जाता जाता म्हटलं.

"आता तू मला शिकव," ते म्हणाले.

मंडळाच्या डॉक्टरबाई सकाळी आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत बूट, हातांवर जुन्या जखमांचे वण. चहा नको म्हणाल्या. "आधी घोडा." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "काका, मलाही हा घोडा कापायचा नाहीये. पण मी त्या खांदा मोडलेल्या माणसाला भेटून आलेय. त्याला अजून स्वतःच्या हाताने शर्ट घालता येत नाही. तेव्हा आज मी जे बघेन तेच धरेन. गाडीत माझी पेटी आहे. पुन्हा यायला लावू नका."

"नाही लावणार," बाबा म्हणाले.

बाई वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

माजावर आलेली घोडी मी अंगणाच्या एका कडेला, दणकट कुंपणापलीकडे बांधली. घोड्या आणि शिंगरं माझ्याकडे असतात. जावयाला मात्र घोडीजवळ बाबांशिवाय कुणी धरत नाही. मी त्याला लहानाचा मोठा केला, त्याच्या पाठीवर बसते, पण घोडीसमोरून त्याला मी कधीच नेला नव्हता. आत्या दारात उभी होती. कॅमेरावाला हौदाजवळ पाय रोवून तयार. बाबा आत गेले आणि साधी मोहरकी चढवून जावयाला बाहेर घेऊन आले.

उंबरठ्यावरच मला कळलं, की काहीतरी बिनसलंय. एरवी तो बाहेर येतो तो आळसटल्यासारखा, मागचा पाय फरपटत. आज तो मान कमानीसारखी वळवून, छाती पुढे काढून, जमिनीला जेमतेम पाय लावत आला. नाकपुड्या फुगलेल्या. असा तो फक्त एकाच कामाला निघतो.

"बाबा," मी म्हटलं.

"गप्प," बाबा म्हणाले. त्यांनाही दिसलं होतं.

अंगणाच्या मध्यापर्यंत तो कसाबसा आला आणि मग एकदम मागच्या पायांवर उभा राहिला. त्याची खिंकाळी अशी होती, की पागेतल्या सगळ्या घोड्या एकदम ओरडल्या. कॅमेरावाला हौदाच्या आड कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. बाबा दोराला लोंबकळल्यासारखे ओढले जात होते. त्यांचे पाय मातीत घसरत होते, आणि वरून ते दोन खूर त्यांच्या डोक्याच्या आसपास हवेत मारत होते. आत्याने तोंडावर हात दाबून धरला. मी पुढे धावले, तेवढ्यात तो खाली आला, आणि बाबांनी दोराचं टोक उचलून त्याच्या तोंडावर मारलं.

आमच्या पागेत वळूला मारत नाहीत. मी बाबांना कधी कुठल्या घोड्यावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. जावयानेही पाहिलं नसावं, कारण तो जागच्या जागी थिजला. थरथरत होता, तोंडाला फेस आलेला, पण उभा होता.

बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाई," ते म्हणाले, "पेटी आणा. मी शब्द दिलाय."

"दादा, अरे काय बोलतोयस तू!" आत्या ओरडली.

"मी शब्द दिलाय," बाबा पुन्हा म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घोडा चुकला तर घोडा कापा, पण शब्द राहिला पाहिजे! हा माणूस स्वतःच्या ताठ्यापायी सगळं घर कापायला निघाला होता.

डॉक्टरबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या बाबांकडे बघतच नव्हत्या, त्यांची नजर घोड्यावर होती. "साध्या मोहरकीत त्याने असं पूर्वी कधी केलंय?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"मग आजच का? आणि घोडी तिकडे आहे, हा तिकडे बघतही नाहीये. बघा ना. नाकावरचा पट्टा हुंगतोय सारखा."

खरंच. जावई मान आत ओढून, नाकावरच्या पट्ट्याकडे श्वास खेचत होता आणि वरचा ओठ उलटा करून दात दाखवत होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं असंही त्याच क्षणी वाटलं.

मी हळूहळू त्याच्या डाव्या खांद्यापाशी गेले. त्याच्याशी काहीबाही बोलत होते. काय ते आठवत नाही, बहुतेक शिव्याच असाव्यात, पण लाडाच्या आवाजात. हात त्याच्या मानेवर ठेवला. घामाने निथळत होता. मग गाल त्याच्या गालाला लावून मी नाक त्या पट्ट्यापाशी नेलं. ते दात मिटायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, गेल्या हंगामात ओरडा ऐकून मी धावत आले तोवर खांदा मोडलेला होता.

वर तेलाचा वास होता. तेलाखाली दुसरा वास होता, आंबूस, उग्र, एकदा ओळखला की जन्मात न विसरता येणारा. लग्नाच्या मोहरकीचा.

"बाबा," मी अगदी हळू विचारलं, "काल फडकं एकच होतं का?"

"कसलं फडकं?"

"लग्नाच्या मोहरकीच्या कड्या पुसल्या, आणि त्याच फडक्याने हिला तेल लावलं?"

"लावलं असेल. मग? वास लागला असता तर मला कळलं नसतं?"

"लागलाय."

"काहीही लागलेला नाही! उगाच घोड्याला पाठीशी घालू नकोस."

"मग तुम्हीच हुंगा."

बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, वाकले, पट्ट्याला नाक लावून लांब श्वास घेतला. सरळ झाले. "तेलाचा वास आहे," ते म्हणाले. पण म्हणताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघतात तसं. मी चेहरा कोराच ठेवला. तेव्हा त्यांनी पुन्हा वाकून श्वास घेतला, या वेळी डोळे मिटून. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले.

या माणसाने मला वास घ्यायला शिकवलं. घोडी तयार आहे की नुसती खेळवतेय, गवत आतून बुरसलंय का, शिंगराच्या पोटात दुखणार आहे का, सगळं नाकाने. पागेच्या दारात उभं राहून, आत कोण आजारी आहे ते सांगणारा माणूस. आणि त्याच्या नाकासमोर तो वास होता, नि त्याला तो येत नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मोठा ताप आला होता ना," ते पुटपुटले. "त्यानंतर."

आत्याला दारातून सगळं ऐकू गेलं होतं. तिला सगळंच ऐकू जातं. "म्हणजे परवा चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला आणि तू शेजारी बसून राहिलास, ते माझ्यावर रागावून नव्हे?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. त्यांचं त्यावरून मोठं भांडण झालं होतं.

तो ताप गेल्या हंगामाच्या आधीचा. इतका काळ त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आधी संतापच आला. आणि त्याबरोबर एक भीती. आता हे डॉक्टरबाईंना मी सांगायचं? चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, बापाला तोंडावर पाडायचं? नाही सांगितलं तर जावई गेला. मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मी, जिला गप्प करायला घरात माणसं पैजा लावतात.

बाबांनीच तो प्रश्न सोडवला. त्यांनी दोर माझ्या हातात दिला, टोपी काढली आणि डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "घोड्याची चूक नाही," ते म्हणाले. "त्याला मीच लग्नाला चल म्हणून सांगितलं आणि वर मीच मारलं. माझं नाक गेलंय, बाई. मी लपवलं."

कॅमेरावाल्याने आपण होऊन कॅमेरा खाली केला. चांगला मुलगा होता.

डॉक्टरबाई जवळ आल्या, स्वतः पट्टा हुंगला आणि मान हलवली. "ठीक आहे. पुन्हा करू. पण ही मोहरकी नको, तीही नको. कोरा दोर आहे का?"

सुताचा नवा दोर होता. मी त्याचा फास करून जावयाच्या तोंडात अडकवला आणि मोहरकी उतरवली. त्याच्या दृष्टीने आता त्याच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ना काम, ना लग्न. आत्याने ओला पंचा फेकला, त्याने मी त्याचं नाक पुसून काढलं. बाबा सवयीने दोर घ्यायला पुढे आले.

"तुम्ही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या नेतील."

बाबांचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला.

मला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. मी चालायला लागले. तो आला. हौद गेला, कॅमेरावाला गेला. कुंपण जवळ येत होतं आणि घोडी शेपटी बाजूला घेऊन, निर्लज्जासारखी त्याच्याकडे बघत होती. तिच्या अगदी समोर आल्यावर तो थांबला. मान वर गेली. दोर माझ्या मुठीत ताठ झाला, त्याच्या अंगातली थरथर दोरातून माझ्या कोपरापर्यंत आली. माझं सगळं अंग सांगत होतं, ओढ. घट्ट धर. ओढ.

ओढलं की वळूला ओढायला काहीतरी मिळतं, हे बाबांनी मला शिंगरांच्या वेळी हजारदा सांगितलेलं. मी मूठ सैल केली. दोर लोंबायला लागला. आता तो वाटेल तिकडे जाऊ शकत होता आणि मी त्याच्या नि कुंपणाच्या मधोमध उभी होते. मागे बाबांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला, म्हणजे श्वास ऐकू येईनासा झाला.

जावयाने घोडीकडे पाहिलं. वरचा ओठ उलटा केला, एकदा, तब्येतीत. मग माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगत नव्हते. त्याने एक मोठा सुस्कारा टाकला, माझी सगळी बाही ओली केली आणि मान खाली घातली. मी चालू लागले, तो मागून आला, मागचा पाय फरपटत.

डॉक्टरबाईंनी त्याचे चारही पाय उचलून पाहिले, तोंडात हात घातला, पोटाखालून फिरल्या. तो जांभई देत होता. त्या हात पुसत उभ्या राहिल्या. "आजचं समजलं," त्या म्हणाल्या. "पण खांद्याचं काय? त्या दिवशी तर लग्नाचीच मोहरकी होती ना? त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि त्याशिवाय मी याला सोडू शकत नाही."

मला उत्तर माहीत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यांना आत्ता, या क्षणी ते समजतंय.

"ती घोडी तयार नव्हती," बाबा म्हणाले. एकेक शब्द जड झाल्यासारखा. "मीच हुंगून सांगितलं होतं, तयार आहे म्हणून. हुंगल्याचं नाटक केलं होतं. मालक म्हणत होता, अजून वेळ आहे असं वाटतंय, तर मी त्याला हसलो. घोडा चढला आणि तिने त्याला पोटात लाथ घातली. तो वेदनेने जे समोर आलं ते चावला." ते थांबले. "मी इतके दिवस घोड्यालाच दोष देत होतो. मनातून मलाही तो बिघडलाय असंच वाटायला लागलं होतं."

डॉक्टरबाईंनी हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं.

"हे त्या माणसाला सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मी उद्या जातो. त्याच्या घरी."

"घोडा राहील. वळू म्हणूनच राहील. पण काका, तुम्ही यापुढे त्याला धरायचं नाही आणि कुठल्या घोडीचा निर्णय द्यायचा नाही. हे मला तुमच्या तोंडून हवंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, घोड्याकडेही नाही. "नाही धरणार," ते म्हणाले.

गाडी गेली. पेटी न उघडताच गेली. मी आनंदाने नाचायला हवं होतं, त्याऐवजी मी जावयाला आत नेलं, त्याचा घाम पुसायला घेतला आणि त्याच्या मानेत तोंड घालून रडून घेतलं. तो चारा खात राहिला.

जरा वेळाने दारात सावली पडली. बाबा होते. हातात पाण्याची बादली. या पागेत ते जन्मले म्हटलं तरी चालेल. या दारातून ते कधी चालत नाहीत, घुसतात. आज उंबरठ्याबाहेर थांबले होते, पाय जोडून, पाहुणे थांबतात तसे.

"येऊ का आत?" त्यांनी मला विचारलं.

"विचारताय काय असं!" मी खेकसले, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते मला बोलता आलं नसतं. "या ना, बाबा."

ते आले, बादली माझ्या हाताशी ठेवली, आणि मी सांगेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभे राहिले.